गोदेच्या ओटीत

क्षयाच्या दवाखान्यात गेलेलं माणूस स्वतःच्या पायांनी घरी परत येतं, हे तेव्हा काही रोज उठून घडत नव्हतं. म्हणून सुहासिनी डोंबिवलीच्या स्टेशनातून बाहेर पडली, तेव्हा ओळखीच्या दोन बायकांनी आधी नाकाला पदर लावला, मग हसल्या आणि मग "बरी आहेस ना गं?" असं चार हात लांबूनच विचारलं. एरवी तिनं दोघींना तिथल्या तिथे सुनावलं असतं. ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हतीच. पण आज तिला वेळ नव्हता. स्टेशनाबाहेरच्या दुकानातून एक लाल लाकडी घोडा घ्यायचा होता, आणि तो घेऊन घर गाठायचं होतं. घरी तिचा मधु होता.

मधु सात महिन्यांचा होता, तेव्हा तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. त्याच आठवड्यात तिला घाटावरच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. मुलाला जवळ घ्यायचं नाही, त्याचा मुका घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून निघताना ती मागच्या दारानं, त्याच्या नजरेला न पडता गेली. त्या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं होतं. छातीचे फोटो स्वच्छ आले होते. वर्षभर त्या लोखंडी खाटेवर पडून तिनं एकच गोष्ट केली होती. मधुला हाक कशी मारायची, ते मनातल्या मनात म्हणून बघितलं होतं.

"ओळखेल ना हो मला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

प्रभाकर ट्रंक खांद्यावर घेऊन शेताच्या बांधावरून पुढे चालला होता. ठाकुर्लीच्या पॉवरहाउसात कारकुनी करणारा साधा माणूस, आणि भांडणाला अतिशय भिणारा. "लहान आहे गं तो," तो वळून न बघताच म्हणाला. "जरा दमानं घे."

रुळांच्या पलीकडे, भातशेतांच्या कडेला त्यांचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. शेजार म्हणावा तर दोन शेतं ओलांडून. दुपारी तिथे इतकं सामसूम व्हायचं, की ओट्यावर बसलं तर आतल्या माठातलं पाणी झिरपताना ऐकू यावं. आजची डोंबिवली बघून कुणाला खरं वाटायचं नाही.

दारात विमलाबाई उभ्या होत्या. प्रभाकरची विधवा आत्या. उजवा हात संधिवातानं आखडलेला, तोंड मात्र शाबूत. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, सगळं रीतीप्रमाणे केलं, पण "ये, आत ये," असं काही म्हणाल्या नाहीत.

माजघरात तुळईला झोळी बांधलेली होती आणि झोळीखाली चटईवर मधु बसला होता. केवढा झाला होता! गुटगुटीत, केस चोपून बसवलेले, डोळ्यांत काजळ. सुहासिनी गुडघ्यांवर बसली, घोडा पुढे केला आणि दोन्ही हात पसरले. "मधु... सोन्या... ये रे..."

आता लहान मूल नवं माणूस दिसलं की काय करतं? आधी आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसली तर ठीक, आईच्या कपाळाला आठी पडली की भोकाड. कुठल्याही घरात जाऊन बघा. मधुनंही तेच केलं. त्यानं मान वळवून बघितलं. पण आत्याकडे नाही, बापाकडे नाही. भांड्यांची मांडणी आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्याकडे त्यानं बघितलं. नीट, वर तोंड करून, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तसं. तिथे कुणी नव्हतं.

क्षणभर तो बघत राहिला. मग त्याचा ओठ थरथरला आणि त्यानं अशी किंकाळी फोडली, की सुहासिनीच्या हातून घोडा खाली पडला.

"तरी म्हटलं घाई नको," विमलाबाई मागून म्हणाल्या. "त्याला विचारू दे की आधी."

"कुणाला विचारू दे?"

प्रभाकर ट्रंक ठेवायच्या निमित्तानं बाहेर सटकला.

होईल सवय, असं सुहासिनीनं स्वतःला समजावलं. तिनं गुरगुट्या भात कालवला, बुवा कुक केलं, टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली. मधु घास घ्यायचा, पण घेण्याआधी कोपऱ्याकडे बघायचा. कधी कोपऱ्याकडे बघून तोंड उघडायचा, कधी कोपऱ्याकडे बघून घास थुंकून टाकायचा. सुहासिनीचा हात मात्र त्यानं एकदाही अंगाला लागू दिला नाही.

एकदा तो उंबऱ्याला अडखळून आपटला. विमलाबाई तिथे, सुहासिनी तिथे. दोघींच्या मधून तो रडत, धडपडत नेमका कोपऱ्यात गेला, हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "आई." मग त्याचं रडणं थांबलं. हळूहळू, हुंदक्या हुंदक्यानं, कुणी पाठीवरून हात फिरवत असावं तसं. माजघरात जायफळ उगाळल्याचा वास सुटला. सुहासिनीनं जाऊन सहाण बघितली. ती कोरडी ठणठणीत होती.

खरा धक्का तिला एका दुपारी बसला. विमलाबाई विहिरीवर होत्या. सुहासिनी ओट्यावर बसली होती, आणि आतून आवाज यायला लागला. थप... थप... थप. मूल निजवताना थोपटतात तो. ती पाय न वाजवता आत गेली. मधु चटईवर पालथा झोपला होता. एकटाच. त्याच्या पाठीवरचं झबलं बोटांच्या रुंदीइतकं खाली दबत होतं, पुन्हा वर येत होतं, पुन्हा दबत होतं... तिनं एक पाऊल पुढे टाकलं, तसं ते थोपटणं थांबलं. खोलीत ती दोघंच नव्हती, हे तिला आतून कळलं. आणि जे कुणी तिसरं होतं, ते तिच्याकडे बघत होतं. त्या बघण्यात जराही माया नव्हती.

विमलाबाई कळशी घेऊन आल्या, तेव्हा सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून उभी होती.

"कोण आहे माजघरात?"

"बाजूला हो. कळशी जड आहे."

"आत्याबाई, माझ्या मुलाला कोण थोपटतंय?"

विमलाबाईंनी कळशी खाली ठेवली, डाव्या हातानं पदर सावरला आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "गोदा," त्या म्हणाल्या. "आणखी कोण?"

हे नाव या घरात सुहासिनीसमोर कुणी घेत नसे. ती प्रभाकरची दुसरी बायको. पहिली गोदा. आठ वर्षं संसार केला, नवससायास केले, कूस काही उजवली नाही, आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची आकृती ठोकलेला पत्रा, करून घ्यायचा, तो गळ्यात घालायचा, सणावाराला आधी तिला कुंकू लावायचं आणि मग स्वतःला, अशी रीत. सुहासिनी मॅट्रिक झालेली. "मेलेल्या बाईला गळ्यात बांधून मी फिरणार नाही," असं तिनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून तो टाक देव्हाऱ्यामागे एका डबीत पडून होता. विमलाबाईंनी तिला हे कधीच माफ केलं नव्हतं. गोदा त्यांची लाडकी होती.

"तू गेलीस मागच्या दारानं," विमलाबाई म्हणाल्या. "पुढे काय झालं ते कुणी सांगितलं तुला? पोर तीन दिवस दाराकडे बघून रडलं. मग रडायचं थांबलं. दूध घेईना. बोंडलं तोंडाला लावलं तर मान फिरवायचं. डोळे उघडे, पण बघायचं नाही कुणाकडे. वाळत चाललं होतं अगं! माझा हा एक हात असा. मी काय त्याला छातीशी धरणार होते? प्रभाकर नोकरीवर. मग मी त्याला सुपात घातलं, देव्हाऱ्यापुढे ठेवलं, गोदेचा टाक बाहेर काढला, तिची खणानारळानं ओटी भरली आणि सांगितलं, गोदे, हा तुझ्या ओटीत घातला. आता तूच याची आई. त्या संध्याकाळी दूध प्यायला तो. मी फक्त पाजलं. बाकी सगळं तिनं केलं."

"माझं मूल मेलेल्या बाईला देऊन टाकलंत?"

"जगवलं म्हण. देऊन काय टाकलं! तू परत येशील असं त्या डॉक्टरला तरी वाटलं होतं का?"

"आता आलेय ना मी? मग घ्या परत तिच्याकडून!"

"मी कशी घेऊ? आई तू. तू मागायचंस. तिची ओटी भर, पदर पसर, ती थोरली आहे तुझ्याहून, नीट बोल..."

"पदर पसरू? माझ्याच मुलासाठी? तिच्यासमोर?" सुहासिनीचा आवाज चिरकला. आपण तिकडे खाटेवर पडून एकेक श्वास कमावत होतो, आणि इकडे ही वांझ बाई मरूनसुद्धा आपल्या पोराला कुरवाळत बसली होती! ती तशीच देव्हाऱ्याकडे गेली, डबी उचलली आणि अनवाणी घराबाहेर पडली. विमलाबाई मागून ओरडत राहिल्या. शेतं तुडवत ती खाडीवर गेली आणि भरतीच्या पाण्यात तिनं तो टाक डबीसकट भिरकावून दिला. परत येताना तिला फार हलकं वाटत होतं. अगदी गाणं म्हणावंसं.

घरी आली, तर मधु कोपऱ्यात हात वर करून उभा होता.

"आई," तो म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला, "आई?"

त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत शोधत होता. मांडणीच्या मागे, झोळीच्या आत, दाराच्या आड. मग ओरडायला लागला आणि घसा बसेपर्यंत ओरडला. सुहासिनीनं त्याला बळजबरीनं उचललं, तर त्यानं अंग धनुष्यासारखं ताणून घेतलं आणि तिच्या हाताला चावला. तिनं तेही सोसलं. उद्या थकेल, परवा विसरेल, आणि मग येईल माझ्याकडे, कुठे जातोय?

तो थकला खरा. दुसऱ्या दिवशी त्याचं ओरडणं थांबलं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून बसला, तो उठेचना. दूध नको, भात नको, घोडा नको. सुहासिनीनं त्याला मांडीवर घेतलं, तर आता त्यानं विरोधही केला नाही. नुसता पडून राहिला. डोळे उघडे, पण तिच्या चेहऱ्यावर एकदाही थांबले नाहीत. चावत होता ते परवडलं, असं तिला वाटलं.

कल्याणहून डॉक्टर आणले. त्यांनी पोट दाबून बघितलं, छाती तपासली, जीभ बघितली. "रोग काही दिसत नाही," ते म्हणाले. "मूल झुरतंय. घरातलं कुणी गेलं का अलीकडे? याला लळा असलेलं?"

प्रभाकरनं मान खाली घातली. विमलाबाई सुहासिनीकडे बघत राहिल्या.

"या वयाची मुलं माणसाच्या आधारानं जगतात हो," डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले. "नुसत्या दुधावर नाही. ते माणूस जमलं तर परत आणा. नाहीतर अवघड आहे."

ते गेल्यावर सुहासिनी कितीतरी वेळ मधुच्या पाठीकडे बघत बसली. पाठीचे मणके दिसायला लागले होते. त्याची आई दोनदा मेली होती, आणि दोन्ही वेळा ती सुहासिनीनंच नेली होती. हे तिला कुणी सांगितलं नाही, तिचं तिलाच कळलं, आणि कळल्यावर तिला तिथे बसवेना. अभिमान, राग, मॅट्रिक, सगळं त्या इवल्या मणक्यांपुढे फुकट होतं. पोर जगलं पाहिजे. आणि जगून माझ्याकडे आलं पाहिजे. तिला तेवढंच हवं होतं.

तिन्हीसांजेला तिनं दिवा लावला. सुपात तांदूळ घेतले, खण, नारळ, हळदकुंकू ठेवलं आणि ती कोपऱ्यासमोर बसली. विमलाबाई उंबऱ्यावर थांबल्या. प्रभाकर ओट्यावर डोकं धरून बसला होता.

"ताई," सुहासिनी म्हणाली. हा शब्द तोंडातून काढताना तिला घाम फुटला. "ताई, चुकले मी... या परत. त्याच्यासाठी या."

काही झालं नाही. दिव्याची ज्योत सरळ होती. बाहेर बेडूक ओरडत होते.

मग जायफळाचा वास आला. या वेळी त्यात खाडीच्या चिखलाचाही वास होता. कोपऱ्यातल्या जमिनीवर ओल पसरली, पावलांएवढी. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मधुनं मान वर केली.

"बघितलंत, किती झुरला तुमच्यासाठी," सुहासिनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं पदर पसरला. "तुम्ही वाढवलंत त्याला. मी नाकारत नाही. पण मी जन्म दिलाय हो. मला द्या त्याला. मला आई म्हणू दे. बदल्यात माझ्याजवळचं हवं ते घ्या."

"अगं, मोघम बोलू नकोस!" विमलाबाई उंबऱ्यावरून ओरडल्या. "काय ते नाव घेऊन सांग! नाव घेऊन..."

"हवं ते घ्या," सुहासिनी पुन्हा म्हणाली. जास्तीत जास्त काय जाईल? जीव जाईल. पुन्हा छातीत घर होईल रोगाचं. ती तयार होती.

सुपातले तांदूळ हलले. मूठभर जागा खोल झाली, मुठीनं उचलावं तशी. आणि सुहासिनीच्या छातीवरून एक गार हात फिरला. दुखलं नाही. अगदी अलगद, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणं काढून घ्यावं तसं काहीतरी निघून गेलं.

मधु उठून उभा राहिला. त्यानं कोपऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तो वळला, डुगडुगत सुहासिनीकडे आला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "आई."

तिनं उचललं त्याला. त्यानं तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली, मानेत तोंड खुपसलं. विमलाबाईंना हुंदका फुटला. प्रभाकर धावत आत आला. "आला गं! आला तुझ्याकडे!" तो रडत रडत हसत होता.

"हो," सुहासिनी म्हणाली. ती वाट बघत होती. आता उचंबळून येईल, आता ऊर भरून येईल, म्हणून वाट बघत होती. मूल बरंच जड होतं, आणि त्याची लाळ मानेला लागत होती. दूध उतू जात असावं, असं तिच्या मनात आलं.

पुढच्या दिवसांत मधु झपाट्यानं सुधारला. सुहासिनी जाईल तिथे तिच्या मागे, तिच्या निऱ्या धरून. ती त्याला वेळेवर जेवू घाली, न्हाऊ घाली, काजळ लावी. काही म्हणून कमी पडू देत नव्हती. बघणारे म्हणत, आई असावी तर अशी. तिला मात्र हे कुणाचं मूल आपण सांभाळतोय, असं सारखं वाटे, आणि वाटून वाईटही वाटत नसे. दवाखान्यात त्याच्या आठवणीनं आपण उशी दातांत धरून रडायचो, हे तिला नीट आठवत होतं. का रडायचो, ते आठवत नव्हतं.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसली होती. विमलाबाई देवळात गेलेल्या, प्रभाकर कामावर. मधु तिच्या मांडीवर रेलून होता. आणि माजघरातून हाक आली.

"मधु... सोन्या... ये रे माझ्या राजा..."

आवाज गोदेचा नव्हता. तो सुहासिनीचा स्वतःचा होता. खोकल्यानं थोडा घोगरा झालेला, वर्षभर खाटेवर मनातल्या मनात घोटलेला, आणि मायेनं इतका ओथंबलेला, की भिंतींनाही पाझर फुटावा. "ये ना रे... किती वाट बघायला लावतोस आईला..."

मधुनं दाराकडे बघितलं. तो घाबरला होता. मग त्यानं मान वळवली आणि वर, थेट सुहासिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं. जाऊ का? भिऊ का? ते इवलेसे डोळे तिला विचारत होते. त्याला आता दुसऱ्या कुणाला विचारायचं नव्हतं. तीच त्याची आई होती.

सुहासिनीनं त्याच्याकडे बघितलं. मांडीला रग लागली होती.

"जा," ती म्हणाली.

तो गेला. आतून झोळीची दोरी करकरायला लागली. सुहासिनीनं पाय मोकळे केले आणि ताट जवळ ओढलं. तांदळात खडे फार होते.